साडेआठची वेळ आणि नऊ वर्षांचा नवरा

१७ जुलै २०१७, सोमवार. सोनी वाहिनीवर रात्री साडेआठला ‘पहरेदार पिया की’ ही नवी हिंदी मालिका सुरू झाली. राजस्थानातलं राजघराणं, मोठी हवेली, इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेले नातलग आणि घराण्याचा वारस रतन, वय वर्षं नऊ. त्याच्या जिवाला धोका असतो. शेवटच्या घटका मोजणारे वडील अठरा वर्षांच्या दियाकडे मुलाच्या रक्षणाचं वचन मागतात आणि ते वचन पाळायचं म्हणून दिया त्या पोराशी लग्न करते. दियाची भूमिका करणारी तेजस्वी प्रकाश वायंगणकर ही मराठी मुलगी, त्यामुळे माझ्या ओळखीच्या घरांत मालिकेची चर्चा लगेच पोचली.

ऑगस्ट संपतासंपता मालिका बंदही झाली. जेमतेम सहा आठवडे चालली.

शाळांमधून पालकांबरोबर ‘मुलं काय पाहतात’ या विषयावर मी बोलते, तेव्हा हे प्रकरण नेहमी घेते. टीव्हीची पातळी घसरली, काही धरबंद राहिलेला नाही, हे वाक्य प्रत्येक सभेत कोणीतरी म्हणतंच. ते म्हणून झाल्यावर पुढे काय करायचं, इथे सगळे थांबतात. या प्रकरणात मात्र प्रेक्षक उठले, दार ठोठावलं, ते उघडलं आणि काहीतरी घडलं. जे घडलं त्यातलं काही चांगलं होतं, काही अर्धवट होतं, आणि एका गोष्टीकडे तर फारसं कोणी पाहिलंच नाही.

विषय आणि नजर

बालविवाहावर मालिका काढली म्हणून लोक चिडले, असं नंतर अनेकांनी लिहिलं. मला ते पटत नाही. २००८ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘बालिका वधू’ सुरू झाली तेव्हाही विषय हाच होता. तिच्यावरही आक्षेप आले, २००९ मध्ये संसदेतसुद्धा प्रश्न उठला. तरी ती मालिका पुढे अनेक वर्षं चालली आणि घराघरांत पाहिली गेली, कारण तिथे कॅमेरा त्या लहानग्या मुलीच्या बाजूने उभा होता. लग्नाने तिचं काय काय हिरावलं जातं ते पाहणाऱ्याला कळत होतं. शाळा सुटली, आई सुटली, खेळ सुटला, हे नुकसान म्हणूनच दाखवलं जात होतं.

‘पहरेदार पिया की’मध्ये नऊ वर्षांचा मुलगा दियावर भाळतो, तिच्या मागे मागे फिरतो, तिचे फोटो काढतो. हे सगळं ‘किती गोड’ म्हणून समोर येतं. मग तो तिच्या भांगात सिंदूर भरतो. पुढे घरातली मोठी माणसं सुहागरात आणि मधुचंद्राच्या गोष्टी करू लागतात. तिशीतल्या नायकासाठी वापरायची ठरलेली सगळी सामग्री एका प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या अंगावर चढवलेली होती. मालिका बालविवाहाचं समर्थन करत नाही, असं वाहिनी म्हणू शकत होती आणि कथेच्या पातळीवर ते कदाचित खरंही होतं. आक्षेप मात्र कथेपेक्षा मांडणीवर होता. मुलाला ज्याचा अर्थ कळत नाही त्यावर मोठ्यांनी गालातल्या गालात हसायचं आणि त्या हसण्यावर प्रेक्षक टिकवायचे, हा तो प्रकार होता.

मला विचाराल तर मनोरंजनातली घसरण ओळखायची माझी खूण हीच आहे. अंगप्रदर्शन किती, शिव्या किती, याची मोजदाद लोक करतात. मी एवढंच पाहते की पडद्यावर जो सगळ्यात दुबळा आहे त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघायला मला शिकवलं जातंय. सासूने सुनेला थोबाडीत मारल्यावर तोच क्षण तीन बाजूंनी पुन्हा पुन्हा दाखवतात, तेव्हाही प्रश्न हाच असतो.

पालक नेमायला लग्न लागत नाही

मालिकेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा होता की लग्न हे इथे नाइलाजाचं आहे, मुलाला वाचवायचा दुसरा मार्ग दियाकडे नव्हता. नायिकेने आणि निर्मात्यांनीही प्रेक्षकांना सांगून पाहिलं की घाई करू नका, कथा पुढे कशी जाते ते बघा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण हा बचाव तिथेच कोसळतो. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ नुसार मुलाचं लग्नाचं वय २१ आहे. नऊ वर्षांच्या मुलाचं लग्न लावून देणारा प्रौढ गुन्हेगार ठरतो. बरं, लग्न करून दियाच्या हाती काय आलं असतं? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ मध्ये अल्पवयीन विवाहित मुलीचा पालक म्हणून तिच्या नवऱ्याचा उल्लेख आहे. अल्पवयीन नवऱ्याची पालक त्याची बायको, अशी तरतूद त्यात नाही. म्हणजे ज्या रक्षणासाठी हा सगळा घाट घातला, तो अधिकार लग्नाने मिळतच नव्हता. उलट त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वडिलांना मृत्युपत्राने मुलासाठी पालक नेमण्याची सोय आहे. ते नसेल तर पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली न्यायालयाकडे अर्ज करता येतो आणि मुलाचं हित कशात आहे ते पाहून न्यायालय पालक नेमतं. दिया अठरा पूर्ण, म्हणजे कायद्याने सज्ञान. एक मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार असते तरी कथा पुढे सरकली असती.

कोणी म्हणेल, मालिकेत कायदा कसला शोधता? शोधायला हवा. इस्टेटीची भांडणं, वारसा, कटकारस्थानं हे सगळं त्या कथेत कायद्याच्याच जोरावर चालू होतं. फक्त मुलाच्या वाट्याला आल्यावर कायदा गायब होतो. हवेलीत एकटी पडलेली अठरा वर्षांची पालक आणि तिच्या विरोधात उभे ठाकलेले नातलग, यात नाट्य कमी होतं का? लग्न कथेला लागत नव्हतं. ते जाहिरातीतल्या झलकीला लागत होतं.

दहा ऑगस्ट

मालिका सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका प्रेक्षकाने चेंज डॉट ऑर्ग या ऑनलाइन याचिकांच्या संकेतस्थळावर याचिका टाकली. मागणी होती बंदीची. हजारो लोकांनी सह्या केल्या. मालिकांत काम करणाऱ्या करण वाहीनेही उघडपणे विरोध लिहिला, म्हणजे टीका फक्त बाहेरच्यांची राहिली नाही. याचिका माहिती व प्रसारण मंत्री स्मृती इराणी यांना उद्देशून होती. हे खातं त्यांच्याकडे मालिका सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला आलं होतं. त्या स्वतः आठ वर्षं टीव्हीवर सून म्हणून गाजलेल्या, त्यामुळे साडेआठ म्हणजे काय वेळ असते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १० ऑगस्टच्या सुमारास त्यांनी प्रकरण बीसीसीसीकडे, म्हणजे ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिलकडे धाडलं आणि तातडीने कारवाई करायला सांगितलं.

ही परिषद सरकारी नाही. वाहिन्यांच्या संघटनेने २०११ मध्ये ती स्वतःच उभारली. तेरा सदस्य, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती, चार वाहिन्यांचे प्रतिनिधी, चार समाजातली मान्यवर मंडळी आणि चार महिला, बालहक्क वगैरे राष्ट्रीय आयोगांमधली. कार्यक्रम दाखवण्याआधी ती हात लावत नाही, दाखवल्यानंतर तक्रार आली तर ऐकते. वाहिन्यांनी स्वतःसाठी आखलेल्या नियमांत कार्यक्रमांचे दोन गट आहेत: सर्वांसाठीचा, तो केव्हाही दाखवता येतो, आणि निर्बंधित, त्याची वेळ रात्री अकरा ते पहाटे पाच.

परिषदेने वाहिनीला सांगितलं की मालिका रात्री उशिरा हलवा आणि आम्ही बालविवाहाला उत्तेजन देत नाही अशी पट्टी पडद्यावर चालवा. मालिका साडेआठवरून साडेदहावर गेली. आकडा बारकाईने पाहा. साडेदहा म्हणजे मुलांच्या जेवणाच्या वेळेतून बाहेर, पण निर्बंधित गटाचे अकरा वाजायच्या आधी. ही तडजोड होती.

तरीही या निर्णयामागचा धागा मला महत्त्वाचा वाटतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधल्या सहाव्या नियमाला कार्यक्रम संहिता म्हणतात. अभिरुचीला न शोभणारे, स्त्रियांची किंवा मुलांची अवहेलना करणारे कार्यक्रम नकोत, असं त्यात आहे. ‘अभिरुची’वर वाद घालता येतो, वकील तेवढ्यावर वर्षभर बोलतील. पण त्याच नियमात आणखी एक साधं पोटकलम आहे: मुलांना अयोग्य असा कार्यक्रम, जास्तीत जास्त मुलं टीव्ही पाहत असतात त्या वेळेत दाखवू नये. इथे संस्कृतीवर निबंध लिहावा लागत नाही. घड्याळ दाखवलं की झालं. याचिकेत बंदीची मागणी होती, पण तिच्यातला सगळ्यात टोकदार मुद्दा घरच्यांनी एकत्र बसून पाहायच्या वेळेचा होता. परिषदेच्या हाताला लागला तो हाच.

पडद्याखालची पट्टी

मनोरंजनाच्या वाहिन्यांवर खाली अधूनमधून एक पट्टी सरकत जाते. या कार्यक्रमाबद्दल आक्षेप असेल तर अमुक ठिकाणी संपर्क करा, असं तिच्यात असतं. अक्षरं बारीक, वेग असा की पत्ता वाचेपर्यंत ती डावीकडे निघून गेलेली. पालकांच्या सभेत मी विचारते, ही पट्टी कोणी पूर्ण वाचली आहे का? एका आजींनी सांगितलं होतं, ‘पट्टी कुठली वाचतेय मी, नातू शेजारी असला की तेव्हा मी रिमोट शोधत असते.’ हशा झाला, पण प्रत्येक घराचं खरं तेच आहे. अवघड दृश्य आलं की हात रिमोटकडे जातो, चॅनल बदलतो, दोन मिनिटांनी परत येतो. आक्षेप तिथेच विरतो.

जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या सहा महिने आधी, कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं होतं की टीव्ही आणि रेडिओबद्दल तक्रार कुठे करायची याची माहिती लोकांपर्यंत नीट पोचवा. दार होतं. दाराची पाटी दिसत नव्हती.

आणि दारात जाऊन काय बोलायचं, तेही आपल्याला शिकवलेलं नसतं. त्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर फिरलेला एक मजकूर मला चांगला आठवतो. ‘आपल्या संस्कृतीवर घाला! ही घाणेरडी मालिका ताबडतोब बंद करा! खरे भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा!’ कळकळ खरी होती, पण यावर कोणतीही परिषद काय निर्णय देणार? मालिकेचं नाव नाही, तारीख नाही, दृश्य नाही. ‘संस्कृती’ म्हटलं की समोरचा ‘कलास्वातंत्र्य’ म्हणतो आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश राहतात.

आता सभेत आम्ही तीच तक्रार फळ्यावर पुन्हा लिहितो. साधारण अशी होते: ‘अमुक वाहिनी, अमुक मालिका, अमुक तारखेचा भाग, रात्री ८.३० ची वेळ. या भागात नऊ वर्षांचं बालपात्र आणि अठरा वर्षांची पत्नी यांच्या मधुचंद्राबद्दल प्रौढ पात्रं बोलतात. संवाद विनोदी ढंगाने मांडले आहेत. या वेळेत घरातली सात ते बारा वयाची मुलं टीव्हीसमोर असतात. कार्यक्रम संहितेतील मुलांच्या पाहण्याच्या वेळेबाबतच्या तरतुदीचा भंग होतो असं आमचं म्हणणं आहे. वेळ बदलावी, आणि बालपात्राला वैवाहिक संदर्भात दाखवणारी दृश्यं काढावीत.’ मुद्दे मोजके, शिवी एकही नाही, मागणी स्पष्ट. कोणी केलं, कधी दाखवलं, कोणता नियम मोडला, आणि आम्हाला काय हवं. दळणाचा हिशेब लिहून ठेवणाऱ्या घरात हे कोणालाही जमण्यासारखं आहे.

यात शेवटचं ‘काय हवं’ हे सगळ्यात अवघड जातं. बहुतेकांच्या पेनातून पहिला शब्द ‘बंदी’ हाच येतो. मला तो घाईचा वाटतो, आणि त्याची कारणं पुढे येतातच.

मीटर कोणाच्या घरी

‘आम्ही बघणंच बंद केलं’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. घरच्या मुलांसाठी ते योग्यच आहे. वाहिनीवर त्याचा परिणाम किती होतो, हे समजून घ्यायला हवं. २०१५ पासून बार्क ही संस्था देशभरातल्या निवडक घरांमध्ये मीटर बसवून कोण काय पाहतं ते मोजते. देशात टीव्ही असलेली घरं कोट्यवधी, मीटर असलेली घरं काही हजार. तुमच्या घरी मीटर नसेल तर तुम्ही रोज पाहिलं काय आणि टीव्ही विकून टाकला काय, गुरुवारी येणाऱ्या आकड्यात फरक पडत नाही.

मोबाइलवर मात्र उलटं आहे. तिथे प्रत्येक पाहणं मोजलं जातं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात डेटा इतका स्वस्त झाला की मालिकांचे तुकडे खिशात फिरू लागले. या मालिकेचे ‘बघा काय दाखवतात’ म्हणून पाठवलेले तुकडे निषेध करणाऱ्यांनीच सगळीकडे नेले. संताप होता, पण गणतीत तो प्रेक्षक म्हणूनच जमा झाला. म्हणून मी पालकांना कळवळून सांगते की आक्षेपार्ह तुकडा पुढे पाठवू नका. तारीख आणि वेळ लिहून घ्या, दृश्याचं दोन ओळींत वर्णन करा, तेवढं पुरतं. प्रत्येक वाहिनी आपल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ठरावीक काळ ठेवते, परिषद ते मागवून पाहू शकते. पुराव्यासाठी व्हिडिओ पसरवावा लागत नाही.

आणि मीटर नसलेल्या घरातून गेलेली लेखी तक्रार मात्र मोजली जाते. तिची नोंद होते. आकड्यांच्या या खेळात सामान्य प्रेक्षकाला एवढी एकच जागा मिळते.

सेटवरचा मुलगा

इथे मला थांबायचं आहे, कारण सहा आठवड्यांच्या गदारोळात याबद्दल फारच कमी बोललं गेलं.

पडद्यावरचा रतन काल्पनिक होता. त्याची भूमिका करणारा मुलगा खरा होता, जवळपास त्याच वयाचा. सिंदूर भरण्याचं दृश्य एकदा दिसतं, पण चित्रीकरणात ते अनेकदा होतं. आधी लांबून, मग जवळून, मग नुसता हात, मग चेहरा. दिवे बदलतात, कोणीतरी येऊन केस नीट करतं, दिग्दर्शक सांगतो की जरा लाजून बघ. मोठ्यांच्या संसाराच्या गोष्टी ऐकून कसं हसायचं हे त्या मुलाला कोणीतरी समजावून सांगितलं असेल. काय सांगितलं असेल? दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला मुलांनी कशी हाक मारली असेल?

मालिका सुरू होण्याच्या दीड महिना आधीच, जून २०१७ मध्ये बालकामगार कायद्याखालचे नवे नियम आले होते. बालकलाकाराला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शाळा बुडता कामा नये, आणि मिळकतीतले निदान २० टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत. नियम चांगले आहेत. पण ते तास मोजतात, पैसे मोजतात. त्या पाच तासांत मुलाकडून काय करवून घेतलं, या प्रश्नाला त्यांच्यात जागा फारशी नाही. तो प्रश्न राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर सोपवलेला राहतो, आणि मार्गदर्शक तत्त्वं सेटवर कोण वाचतं?

आता परिषदेचा निर्णय या बाजूने पाहा. साडेआठचं साडेदहा झाल्याने घरोघरची मुलं वाचली. सेटवरच्या मुलासाठी काहीच बदललं नाही. त्याला तीच दृश्यं करायची होती, फक्त ती उशिरा दिसणार होती. वेळेच्या नियमावर बोट ठेवणं ही प्रेक्षकांची जमेची बाजू होती असं मी वर म्हटलं, आणि त्यावर मी ठाम आहे. पण तो नियम बघणाऱ्या मुलाचा विचार करतो. करणाऱ्या मुलासाठी वेगळी तक्रार वेगळ्या दारात जायला हवी होती, राज्याच्या किंवा राष्ट्रीय बाल हक्क आयोगाकडे. मुंबईत हिंदी आणि मराठी दोन्ही मालिकांचं मोठं काम चालतं, तेव्हा महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाचं दार आपल्याला सगळ्यात जवळचं आहे. रिॲलिटी शोमध्ये सहा वर्षांच्या मुलीला प्रौढ गाण्यावर प्रौढ हावभाव करायला लावतात आणि परीक्षक उभं राहून टाळ्या वाजवतात, तेव्हाही हेच दार आठवावं.

बंद, आणि पुन्हा सुरू

वेळ बदलूनही टीका थांबली नाही. ऑगस्टच्या अखेरीस वाहिनीने मालिका मागे घेतली. हा निर्णय वाहिनीचा होता, परिषदेने किंवा मंत्रालयाने बंदी घातली नव्हती. बातम्यांच्या मथळ्यांमुळे अनेकांच्या मनात उलटंच राहून गेलं आहे. उशिराची वेळ म्हणजे कमी प्रेक्षक आणि कमी जाहिरात, वर रोजची नाचक्की. धंद्याच्या हिशेबात ते बसलं नाही.

विजय म्हणून पेढे वाटावेत असं मला तेव्हाही वाटलं नाही. मालिकेच्या मागे लेखक, वेशभूषाकार, दिवे लावणारे, चहा देणारे असे किती संसार असतात, त्यांचं काम चालू महिन्यात थांबलं. दृश्यं लिहिणं-न लिहिणं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात नव्हतं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच वाहिनीवर त्याच निर्मात्यांची ‘रिश्ता लिखेंगे हम नया’ आली. नायिका तीच, दिया आणि रतन तेच. रतन आता मोठा झालेला, भूमिकेत तरुण नट. ती मालिकाही काही महिन्यांतच संपली. पण ती आली, हीच या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. मुलाला नवरा बनवल्याशिवाय या कथेला गत्यंतर नाही, असं जुलैत सांगितलं जात होतं, आणि चार महिन्यांच्या आत ती कथा मोठ्या माणसांना घेऊन उभी राहिली. म्हणजे ते जमण्यासारखं होतं. पहिल्या दिवसापासून जमण्यासारखं होतं. कागदावर असतानाच कोणीतरी ‘हे नको’ म्हणायला हवं होतं. लेखकांच्या खोलीत, वाहिनीच्या बैठकीत, मुलाच्या घरी, कुठेही.

म्हणून बंदीची मागणी मला घाईची वाटते. बंदी मागितली की चर्चा ‘असावी की नसावी’ यावर अडकते, आणि ‘कशी असावी’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. मंत्र्यांच्या पत्राने हलणारी यंत्रणा उद्या दुसऱ्याच कारणासाठीही हलू शकते, हेही विसरून चालणार नाही. एखादी मालिका जातीच्या उतरंडीवर बोलते किंवा घरातल्या छळावर बोलते म्हणूनही लोक ‘संस्कृती’ म्हणत सह्या गोळा करतात. विषय अस्वस्थ करतो म्हणून केलेली तक्रार आणि दुबळ्याची चेष्टा होते म्हणून केलेली तक्रार, या दोन्ही एकाच टोपलीत जाता कामा नयेत. तो निवाडा पत्र पाठवण्याआधी प्रेक्षकानेच स्वतःशी करायचा असतो.

आज काय करता येतं

२०१७ नंतर रस्ता थोडा सरळ झाला आहे. जून २०२१ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली. आता तक्रार आधी थेट वाहिनीकडे करायची, वाहिनीने ती मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. मंत्र्यांना उद्देशून सह्यांची मोहीम काढायची गरज पहिल्याच पायरीवर राहिलेली नाही. वाहिनीच्या संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असायलाच हवा.

ओटीटीसाठी फेब्रुवारी २०२१ चे वेगळे नियम आहेत. कार्यक्रमाला वयाचा शिक्का लागतो: सर्वांसाठी, ७ वर्षांवरचे, १३ वर्षांवरचे, १६ वर्षांवरचे आणि केवळ प्रौढ. १३ आणि त्यावरच्या गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणं बंधनकारक आहे. बहुतेक घरांत ते कुलूप उघडंच असतं, कारण एकाच खात्यावर आजोबा क्रिकेट बघतात, आई मालिका बघते आणि मुलगी कार्टून. मुलांचं वेगळं प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकड्यांचा पिन लावायला पाच मिनिटं पुरतात. सभेतच फोन काढून आम्ही ते करतो, घरी जाऊन करू म्हटलं की राहूनच जातं. पिन मात्र वाढदिवसाची तारीख ठेवू नका, मुलांना ती आधी सुचते.

कुलूप सगळं थांबवत नाही. वर्गातला मित्र फोन दाखवतो. त्यामुळे शेजारी बसून पाहण्याला पर्याय नाही. अवघड दृश्य आलं की रिमोट शोधण्याऐवजी दृश्य संपल्यावर आवाज बंद करून मुलाला विचारा, ‘हे त्या मुलाला आवडलं असेल का?’ सहावीतली मुलं या प्रश्नावर आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ शहाणी उत्तरं देतात.

आणि तक्रार केल्यावर पहिलं उत्तर आलं की थांबू नका. ते बहुधा छापील असतं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, आम्ही सर्व नियमांचं पालन करतो. लोक तिथे हात टेकतात. नियमानुसार उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येतं, आणि त्या संस्थेला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही समाधान झालं नाही तर प्रकरण केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेपुढे नेता येतं. पहिल्या पत्राची तारीख, पोचेचा ईमेल आणि वाहिनीचं उत्तर एका फोल्डरमध्ये ठेवा. अपिलाला हे तिन्ही कागद लागतात.